कर्ण्याचं तोंड कुणीकडे

मी घाटावरची. कोल्हापूरच्या बाजूला उसात वाढले आणि लग्न होऊन रत्नागिरीत आले, तेही लाऊडस्पीकरवाल्याच्या घरात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. टीव्ही गल्लीत एखाद्याच्याच घरी होता, आणि लग्न, मुंज, पूजा, निवडणूक, काहीही निघालं तरी कर्णा बांधल्याशिवाय कार्य झाल्यासारखं कुणाला वाटत नसे. त्यामुळे आमचा धंदा बरा चालला होता. चालत नव्हता तो संसार. लग्नाला अजून चार महिनेही झाले नव्हते, आणि वैशाखात माझा भाऊ मला माहेरपणाला न्यायला येणार होता. त्याच्याबरोबर जायचं आणि परत यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. ट्रंकसुद्धा भरून ठेवली होती, आणि माहेरपणाला लागतात त्याहून कितीतरी जास्त साड्या तिच्यात होत्या.

कारण सांगायला जावं तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं, हीच पंचाईत. नवरा पीत नव्हता, मारत नव्हता, शिव्या देत नव्हता. कामसू होता, दिसायलाही बरा होता. फक्त माझ्याशी तो जवळजवळ बोलत नसे. मी काही विचारलं तर कधी उत्तर देई, कधी देत नसे, आणि कधी भलतंच देई. कढी वाढू का म्हणून विचारावं तर म्हणे, उद्या बघू. दुपारी दुकानावर कोण येऊन गेलं ते सांगावं तर नुसती मान हलवी, आणि संध्याकाळी मलाच विचारी, कोण आला होता काय. सुरुवातीला मला वाटलं, ही कोकणातली थट्टा असेल. इकडची माणसं तिरकस बोलतात असं मी माहेरीच ऐकून आले होते. मग वाटलं, मी पसंत नाही. मग वाटलं, दुसरी कुणी आहे. त्या दुसरीचा मी बरेच दिवस माग काढला. पण घरातून दुकानात आणि दुकानातून कार्यक्रमाला जाणारा हा माणूस तिला वेळ कुठून देत असेल, ते काही मला उलगडेना.

आमचं घर गाडीतळाजवळच्या एका गल्लीत होतं. पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन आमच्या. स्वयंपाकघरावर सासूबाईंचं राज्य. मुलाशी बोलताना त्या अशा ओरडत की मला वाटे, सकाळी सकाळी भांडण लागलं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्याकडं असाच बोलतात गो." पण माझ्याशी त्या तशा बोलत नसत. माझ्याशी हळू, अगदी गोडीनं बोलत. पोटच्या पोरावर आरडाओरडा आणि परक्याच्या पोरीला गूळ, असली रीत मी कुठल्याच घरात बघितली नव्हती.

त्याहून मोठं कोडं म्हणजे नवरा मला प्रत्येक कामावर बरोबर नेई. आधी त्याच्या जोडीला एक चुलतभाऊ असायचा, तो दिवाळीनंतर आखातात नोकरीला गेला. माघात आमचं लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, "आता त्याच्या संगती तूच जायाचा." मला आधी आनंद झाला. गल्लीतल्या सुना चुलीपुढे आणि मी नवऱ्याबरोबर गावोगाव, म्हणजे मी तर लाडकी ठरले. हा आनंद पहिल्याच कार्यक्रमाला उतरला. कर्णे बांधून झाले की तो मला मैदानाच्या पार टोकाला पाठवी. तिथून आवाज कमी येत असला तर मी हात वर करायचा, जास्त येत असला तर खाली करायचा, आणि नीट असला तर पदर हलवायचा. तो मशीनपाशी बसून माझ्याकडे टक लावून बघे आणि बटण फिरवी. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, पण तसं कुणी म्हणत नसे. एका लग्नात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, भोंगेवाल्याच्या बायकोला शिट्टी तेवढी द्या, चौकातला पोलीस तयार. लोक हसले. मी आतल्या आत पेटले. घरी माझ्याकडे मान वर करून न बघणारा माणूस कामावर डोळ्याची पापणी लवू देत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

कर्णा सुरू झाला की त्याच्या मागच्या गोल डबीवर तो तळवा टेकवून उभा राही, बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा. मला वाटे, माझ्या वाट्याची माया तिकडे चालली आहे. दुकानात खिळ्यांना टांगलेले ते कर्णे म्हणजे तोंडं वासून बसलेल्या माझ्या सवतीच होत्या. केर काढताना मी त्यांना मुद्दाम केरसुणी लावी.

तर त्या वैशाखात संगमेश्वराकडच्या एका गावातून काम आलं. गावानं देऊळ नवं बांधलं होतं आणि त्याच्यावर कळस चढणार होता. मुंबईत नोकरीला असलेली गावची सगळी माणसं सुट्टी काढून आली होती. कार्यक्रम दिवसाउजेडी होता. भावाला यायला दोन-चार दिवस अवकाश होता, म्हणून मी म्हटलं, हे शेवटचं काम. शेवटचं म्हणून मी जरा नीट साडी नेसले.

एसटीच्या टपावर कर्णे आणि बांबू, पायाशी बॅटरी, मांडीवर मशीन, अशी आमची वरात निघाली. आणि त्या बसमध्ये तो बोलायला लागला. आवाजाविषयी बोलायचं असलं की त्याला थांबवावं लागे. कर्णा थोडा खाली वाकवून बांधावा, नाहीतर आवाज माणसांच्या डोक्यावरून जातो. समोर चिऱ्याची भिंत असली तर तिच्यावर आपटून परत येतो आणि एका वाक्याची दोन होतात. दोन कर्णे एकमेकांकडे बघत ठेवू नयेत.

"आणि एक ध्यानात ठेव," तो म्हणाला. "कर्ण्याचा तोंड माईककडं कधी करायचा नाय. माईक बोलतो ता कर्णा ओरडतो, कर्णा ओरडतो ता माईक परत घेतो. मग दोघं एकमेकांना सोडत नायत. शिट्टी लागते. कर्णा नेहमी माईकच्या पुढं, आणि पाठ माईककडं."

"म्हणजे नणंदा-भावजयांसारखं," मी म्हटलं. "समोरासमोर आल्या की शिट्टी."

तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वायर कमी पडेल काय?" मी तोंड फिरवून बसले. माझा विनोद चांगला होता, असं मला आजही वाटतं.

गाव डोंगराच्या कुशीत होतं. देवळापुढे मोठं सारवलेलं अंगण, त्यावर झावळ्यांचा मांडव, आणि अंगणाच्या पलीकडच्या टोकाला एक थोराड फणस. माईक देवळाच्या दारात ठेवायचा होता, म्हणजे बोलणारा पायरीवर उभा राहून खालच्या लोकांशी बोलणार. नवऱ्यानं देवळाच्या दोन्ही अंगांना, पायऱ्यांच्या पुढे बांबू रोवले आणि कर्णे लोकांच्या दिशेनं बांधले. माईक मागे, कर्णे पुढे. बसमध्ये सांगितलं तसंच. मीही शहाण्यासारखी मान डोलवली.

इतक्यात गावचे मानकरी आले. देवळातला पहिला नारळ ज्यांच्या हातचा, ते हे किनऱ्या आवाजाचे म्हातारे. त्यांनी कर्ण्यांकडे बघितलं, देवाकडे बघितलं, परत कर्ण्यांकडे बघितलं.

"देवाकडं पाठ करून बांदलास व्हय रं?"

नवरा त्यांच्याकडे पाठ करूनच बसला होता, वायरी जोडत. त्यानं मान वर केली नाही. म्हातारे त्याच्या समोर येऊन उभे राहिले आणि हात नाचवत पुन्हा तेच म्हणाले. त्यानं वर बघितलं, छान हसला आणि म्हणाला, "हो, हो. होईल."

"होईल काय? देवाकडं पाठ चालाचा नाय. तोंड देवाकडं करून बांद."

"हो, हो," नवरा पुन्हा म्हणाला, आणि वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघून गेला. वीज फक्त शाळेत होती, तिथून ओढून आणायची होती.

मी उभी ती उभीच. सकाळी बसमध्ये ज्या गोष्टीला कधीही नाही म्हणून मला बजावलं, तिला हा माणूस हसत हसत हो म्हणून गेला होता. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष सफारी घालून आले होते, त्यांनाही हे पटेना. ते म्हणाले, कर्णे देवळाकडे फिरवले तर वाड्यांपर्यंत आवाज कसा जायचा? मानकरी म्हणाले, वाड्या महत्त्वाच्या की देव? देवाकडे पाठ करून या देवळात कुणी उभं राहत नाही, दर्शन घेतल्यावर माणसं उलट्या पावलांनी बाहेर पडतात, मग कर्ण्याला वेगळा नियम कशाला? शब्दानं शब्द वाढला. शेवटी कुणीतरी म्हणालं, आपण कशाला भांडायचं, देवालाच विचारू. आणि गुरवाला हाक मारली.

आमच्याकडे असलं काही नसतं, म्हणून मी पुढे जाऊन बघितलं. गुरवानं देवाच्या अंगाला दोन्हीकडे ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की बाबा, हे तुझ्या लेकरांनी भोंगे आणलेत, त्यांची पाठ तुझ्याकडे असावी की तोंड? तोंड हवं असेल तर उजवी दे. सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. उजवी पाकळी सुटली आणि टपकन खाली पडली. संपला विषय. पाच-सहा गड्यांनी बांबू उपटले. देवाच्या अगदी कानात नको म्हणून अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, फणसाखाली नेले, आणि कर्ण्यांची तोंडं थेट देवळाच्या दाराकडे करून पक्के रोवले. त्या दारात माईक उभा होता.

मला काय करावं सुचेना. देवानं सांगितलेलं चुकीचं म्हणावं तर मी कोण? बरोबर म्हणावं तर नवरा सकाळपासून काय शिकवत होता? तो शाळेतून परत आला तोवर ढोल सुरू झाले होते. मशीन देवळाच्या बाजूच्या पडवीत मांडलं होतं. तिथून माईक दिसत होता आणि लांब मी जिथे उभी राहायची ती बांधावरची जागा दिसत होती, पण मांडवाच्या झावळ्यांमुळे फणसाखालचं काही दिसत नव्हतं. मी त्याच्या पाठीशी वाकून म्हटलं, "अहो, त्यांनी कर्णे फिरवलेत. तोंड माईककडे झालंय."

"हो, हो," तो म्हणाला. "जा तू. जागेवर जाऊन उभी राहा."

म्हणजे याला माहीत आहे, मी मनाशी म्हटलं. काहीतरी युक्ती असेल. धंदा त्याचा, मी कशाला नाक खुपसू? तरी बांधाकडे जाताना मी दोनदा मागे वळून बघितलं.

कळस चढला. ढोल थांबले. सफारीवाले अध्यक्ष भाषणाचा कागद घेऊन दारात उभे राहिले, घसा साफ करून माईकसमोर झाले आणि "बंधू आणि भगिनींनो" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. जे बाहेर पडलं ते बंधूही नव्हतं आणि भगिनीही नव्हतं. अशी शिट्टी सुटली की सबंध डोंगर चिरत गेली. तान्ही पोरं एकदम रडायला लागली. फणसावरचे कावळे उठले. गुरवाच्या हातातली घंटा तशीच वर राहिली. लोकांनी कानांवर हात घेतले, आणि अर्थात मीही घेतले.

तिथेच घात झाला. आमच्या खुणांत कानावर हात घेण्याची खूण नव्हती. हात वर म्हणजे आवाज वाढव. पडवीत बसलेल्या नवऱ्यानं माझे दोन्ही हात वर गेलेले बघितले आणि बटण आणखी फिरवलं. शिट्टी दुप्पट झाली. मी डोळे मिटले, उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. तिथे सगळं गाव तोंड वेडंवाकडं करून बसलं होतं, आणि त्या सगळ्यांत हा एकटा शांत होता. मशीनवरची धूळ बोटानं पुसत होता. माझ्याकडे बघून भुवया उडवून विचारत होता, अजून वाढवू?

तेव्हा मला कळलं. याला ऐकूच येत नाही. मी झटक्यात दोन्ही हात खाली केले, पार गुडघ्यापर्यंत. त्यानं बटण फिरवलं. शिट्टी थांबली.

मी बांधावरून पळत देवळापाशी आले. तोवर माणसं त्याच्याभोवती जमली होती. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता आणि काय झालं ते त्याला समजत नव्हतं. मानकरी तापले होते. "आख्खा गाव बहिरा केलास. तुला काय आयकाय येत नाय काय रं?"

असं कुणीही कुणालाही रागानं म्हणतं. पण ते ऐकून मागे एकजण हसला आणि दुसरा म्हणाला, "भोंगेवाला नि बहिरा." मला भीती वाटली ती त्या हसण्याची. कारण असली गोष्ट एकदा हसण्यावारी निघाली की या गावातून त्या गावात जायला तिला एसटी लागत नाही. बहिऱ्या लाऊडस्पीकरवाल्याला कोण बोलावणार? आदल्या क्षणापर्यंत मी या माणसाला सोडून जाणार होते, आणि आता त्याच्याकडे बोट दाखवून कुणी हसलं तर त्याचं बोट मोडावं असं मला झालं. माझं मलाच काही कळेना.

"माझी चूक झाली," मी पुढे होऊन म्हटलं. "मी इथं नवीन आहे. मी उलटी खूण केली. त्यांनी मी सांगितलं तसं केलं."

मानकऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "घाटावरची काय गो तू?"

"होय."

"मग बरोबर," ते म्हणाले, आणि सगळ्यांचा राग एकदम उतरला. घाटावरचीला काय कळतंय, असं एक बाई दुसरीला म्हणाली. एरवी मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. त्या दिवशी मी पदर सावरून मुकाट उभी राहिले आणि माझं माहेर आणि आख्खा घाट त्यांना नावं ठेवायला देऊन टाकला.

पण शिट्टीचं काय? देवानं उजवी दिलेली, कर्णे फिरवता येईनात. कर्णे असेच राहिले तर कुणाला बोलता येईना. अध्यक्ष हातातला कागद घडी घालून पुन्हा उघडत होते. मी सकाळचा धडा मनात घोळवत होते, माईक मागे, कर्णे पुढे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग माईकच तिकडं नेला तर? फणसाखाली, कर्ण्यांच्या मागं?"

मी हे हातवारे करत म्हटलं असणार, कारण नवऱ्याला ते पहिल्या झटक्यात समजलं. तो पडवीतून बाहेर आला, फणसाखाली फिरवून ठेवलेले कर्णे त्यानं तेव्हा प्रथम बघितले, कपाळाला हात लावला आणि माईक उचलून चालायलाच लागला. गुरव म्हणाला, माईकबद्दल कौल घ्यायचा का? मानकरी म्हणाले, बोलणाऱ्याचं तोंडही आता देवाकडेच होतंय, त्यात विचारायचं काय?

मग तो समारंभ झाला तसा मी पुन्हा कधी बघितला नाही. अध्यक्ष फणसाखाली उभे राहून देवाकडे तोंड करून बोलत होते. लोक मधल्या अंगणात. त्यांनी अध्यक्षांकडे बघावं तर देवाकडे पाठ होते, देवाकडे बघावं तर अध्यक्ष पाठीमागे. काही बायका या बाजूला बसल्या, काही त्या, आणि पुरुष बिचारे अर्धवट वळून बसले. टाळ्या वाजवताना कुठे बघायचं तेही कुणाला ठरवता येईना. पण आवाज मात्र लख्ख आला. मानकरी म्हणाले, "आता कसा. देवाला सगळा नीट गेला."

मी बांधावर उभी राहून पदर हलवला. डोळ्यांना पाणी का आलं ते सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसले आणि मला पहिल्यांदा समजलं, की मला या माणसाला एक साधा प्रश्न विचारता येत नाही. हळू विचारला तर त्याला ऐकू येणार नाही. ओरडून विचारला तर सगळ्या एसटीला कळेल. डोक्यात मात्र गिरणी सुरू झाली. तो मला टाळत नव्हता, त्याला माझं बोलणं पोचतच नव्हतं, हे किती बरं झालं. पण लगेच दुसरं आलं. चुलतभाऊ गेला दिवाळीनंतर आणि लग्न झालं माघात. घाई कसली होती? सासूबाई त्याच्याशी ओरडून आणि माझ्याशी हळू का बोलतात, तेही आता दिसत होतं. म्हणजे यांना सून नको होती, चुलतभावाच्या जागी एक जोडी कान हवे होते. एक सुटलं तोवर दुसरं अडकलं. रत्नागिरी आली तरी मला रडू येतंय की राग, ते ठरेना.

दिवेलागणीला घरी पोचलो. दुकानात सामान उतरवून तो वायर गुंडाळायला बसला. मी दाराला कडी घातली, त्याच्या समोर खाली बसले, माझं तोंड त्याला नीट दिसेल अशी, आणि म्हटलं, "ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

वायर गुंडाळणारे हात थांबले. त्यानं आतल्या दाराकडे बघितलं. आत सासूबाई नारळ खवत होत्या.

"येतो," तो म्हणाला. "माणसांचा येतो. पुरुषांचा बरा येतो. आये ओरडते म्हणून तिचा येतो. शिट्टी येत नाय. पाखरांचा येत नाय. बारीक आवाज येत नाय. तुझा सगळ्यात कमी येतो. तुझा आवाज कसा हाय ता मला ठाऊकच नाय अजून."

माघापासून मी या माणसाशी बोलले होते. चिडले होते, टोमणे मारले होते, अंधारात रडून काय काय सांगितलं होतं. ते सगळं भिंतींनी ऐकलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी रागच आला.

"मग बायको आणलीत की कान आणलेत?"

"काय?"

मी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून पुन्हा म्हटलं, सावकाश. त्याला समजलं. त्याचा चेहरा उतरला.

"आयेन कान बघितलान," तो म्हणाला. "मी तुला बघितलंय."

खरं असेल का, की वेळ मारून नेतोय, ते मला कळेना. तो पुन्हा वायर गुंडाळायला लागला, मग ती खाली ठेवली आणि म्हणाला, "तू जाणार हायस ना भावासंगती. ट्रंक बघितली मी. एवढ्या साड्या कोण नेतो माहेराला?"

"बघितलीत, मग थांब म्हणायला काय झालं होतं?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"विचारायचा होता," तो म्हणाला. "रोज वाटायचा, विचारू. पण तू हो म्हणालीस की नाय म्हणालीस, ता मला आयकाय आला नसता तर? परत कसा विचारायचा? माणूस असा दोनदा विचारतो काय?"

मी हळूच म्हटलं, "नाही जात."

तो पुढे वाकला. "काय?"

"नाही जात मी."

"काय म्हणालीस?"

मी त्याच्या कानाला तोंड लावलं आणि असेल नसेल तेवढा दम एकवटून ओरडले, "नाही जात, नाही जात, कुठं नाही जात मी." आत विळीवर नारळ खवण्याचा आवाज थांबला आणि सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "अगो, कशाला घसा फोडतेस? पहिल्याच खेपेला कळला त्याला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली मान घालून हसत होता. त्याला पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं का, ते मी आजवर कितीदा विचारलं, आणि दर वेळी तो म्हणतो, काय?